साडूंचे टायर

अख्ख्या बीड जिल्ह्यात माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचे टायर बघणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या नशिबात साडू म्हणून आला. मला बघायला आले तेव्हा सासरेबुवांनी पगार विचारला, मामेसासऱ्यांनी शेती विचारली. ह्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "गाडी कंची हाय?" स्कूटर आहे म्हटल्यावर सरळ अंगणात गेले, उकिडवे बसले, दोन्ही चाकं अंगठ्याने दाबली, हात झटकत आत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा जबाबदार हाय. मागच्या टायरला हवा बरोबर हाय." बाकी कुणी माझ्याबद्दल काही चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. लग्न त्या हवेवर जमलं म्हणा ना.

साडूंचं केजला खत-बियाण्याचं दुकान, आणि दारात त्यांची जुनी जीप. ह्या जीपला त्यांनी जे टायर बसवले होते ते बघून नवखा माणूस आधी दोन पावलं मागेच सरकायचा. मडगार्डच्या बाहेर चांगले वीतभर आलेले, आणि उंच इतके की आमच्या मंडळींना आत बसवायला खालून दोघे आणि वरून एक लागायचा. चाक मोठं झालं की गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. पण बाहेर झाडं भराभर मागे चाललेली असताना साडू शांतपणे काट्यावर बोट ठेवायचे, "चाळीस. बगा, चाळीसच हाय. आपुन कायद्यात हाव." आणि डावीकडे तर विचारूच नका. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की टायर पत्र्याला असा घासायचा की बाजारातली कुत्री उठून पळायची. म्हणून साडूंनी डावीकडे वळणं सोडूनच दिलं. डावीकडे जायचं असलं की पुढे जाऊन उजवीकडे, परत उजवीकडे, परत उजवीकडे, असा गावाला वळसा घालून ते बरोबर डावीकडे पोचायचे. "माझं माहेर उजव्या अंगाला हाय म्हणून बरं," आमची मेव्हणी म्हणायची, "न्हाईतर दिवाळीलाबी कुणी नेलं नसतं मला."

आता ही नुसती हौस होती असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. साडूंची आई रानात वस्तीवर राहते. डांबरी सडक सोडली की पुढे वस्तीपर्यंत सगळी काळी माती, आणि पावसाळ्यात ती माती एकदा चाक धरते ती बैलं जुंपल्याशिवाय सोडत नाही. म्हातारी केजला यायला राजी नाही, कारण तिच्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला धार देत नाहीत. आणि साडूंना संध्याकाळची भाकर आईच्याच हातची लागते. एका पावसाळ्यात जीप रुतायला लागली, आईकडे जाणं हुकायला लागलं, तसा हा माणूस केजच्या घरात ताटावर बसून नुसता भाकरीकडे बघायचा. मेव्हणी रडकुंडीला आली. शेवटी त्यांनी ते टायर आणून बसवले आणि चिखलातून जीप अशी काही काढली की वस्तीवरची माणसं बघायला बाहेर आली. तेव्हापासून ते टायर म्हणजे साडूंचा आईकडे जायचा रस्ताच होता.

अशात जीपची नोंदणी नव्याने करायची वेळ आली. साडू जीप धुऊन, हार घालून पासिंगला घेऊन गेले, सोबत मी. आरटीओचे साहेब तरुण आणि बोलायला गोड. त्यांनी वाकून टायरवरचं माप वाचलं आणि हसून मान हलवली. म्हणाले, "काका, कंपनीने ह्या मॉडेलला जे माप मंजूर केलंय तेच पाहिजे. फार तर ह्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेलं माप चालेल. त्याहून मोठा टायर म्हणजे गाडीत बेकायदा बदल. उद्या अपघात झाला तर विमावाले हात वर करतील." दुसरा कुणी असता तर तोंड पाडून घरी आला असता. साडूंचे डोळे लकाकले. "म्हंजे सायेब, ह्येच माप कंपनीनं कुण्या एका जीपला दिलेलं असंल तर?" साहेब म्हणाले, "तर दाखवा, मी लगेच पास करतो."

झालं. त्या दिवसापासून साडूंना दुसरा धंदा उरला नाही. मी म्हटलं, अहो, कंपनीला विचारू, त्यांच्या पुस्तकात बघू. तर म्हणाले, "कागद कुणीबी छापतंय साडूभाऊ, टायर डोळ्यानं दिसतो." खिशात मोजपट्टी घालून हा माणूस जिल्हाभर जुन्या जिपा हुडकत हिंडायला लागला. दिंद्रुडला बाजाराच्या दिवशी एका जीपखाली शिरले, तर लोकांनी डिझेलचोर समजून पाय धरून बाहेर ओढले. साडू उठले आणि ओढणाऱ्यालाच म्हणाले, "टायर झिजलाय बे तुजा, बदल." एका लग्नात मंगलाष्टकं चालली होती, सगळे अक्षता टाकत होते आणि साडूंचा पत्ता नाही. ते नवरदेवाच्या जीपखाली आडवे. तेवढ्यात डायव्हरने गाडी सुरू केली. त्यांचे पाय बघून बायका अशा ओरडल्या की भटजी एक कडवं विसरले. मृगाचे दिवस जवळ येत चालले होते, जीप दारात उभी होती आणि साडू वाळत चालले होते.

आणि एका सकाळी ते माझ्या दारात उभे. घाम, धाप, चपला उलट्या. "घावली. आष्टीला हाय. आपलंच मॉडेल, आपलंच माप, अन् बिनधास्त फिरती म्हणं." मला धड नाश्ताही करू दिला नाही. एसटीत सगळा वेळ माझा गुडघा दाबत होते आणि मीही, खोटं कशाला बोलू, नवसाला निघाल्यासारखा हरखलो होतो. आष्टीत पत्ता विचारत एका शेळ्या-मेंढ्यावाल्याच्या घरी पोचलो. लिंबाखाली जीप. साडूंनी मोजपट्टी लावली. एकदा, मग उलट्या बाजूने. मग टायरला मिठीच मारली. मालक सावकाश मिशी पुसत बाहेर आला.

"कंपनीनंच दिलेले ना ह्ये?" साडूंनी टायर न सोडताच विचारलं.

"कंपनी कशाला देती? मीच बशिवले," तो म्हणाला. "हितला मिस्तरी नगं म्हनत हुता. पर केजला खत-बियाण्याचं दुकान हाय म्हणं एकाचं, त्याच्या जीपला असलेच हायेत. मी म्हनलं, त्याला चालतंय तर मला कावून न्हाई?"

मला हसू आवरेना, म्हणून मी शेळ्यांकडे तोंड केलं. साडू मात्र तिथेच खाली बसले. चहा आला, निवला. मग ते त्या माणसाला हळूच म्हणाले, "त्यो केजवाला मीच हाय. तुमी काडून टाका ह्ये टायर. चालत न्हाईत. उद्या काई इपरीत झालं तर विमा मिळायचा न्हाई, अन् माज्यामुळं झालं म्हणून मला जेवन जायचं न्हाई." तो म्हणाला, "अन् तुमचे?" साडूंनी समोरच्या टायरवरून एकदा हात फिरवला. "माजेबी काडतो," म्हणाले. येताना एसटीत त्यांनी एकाही गाडीच्या चाकाकडे बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

जीप मूळच्या टायरवर एका फेरीत पास झाली. नंतर पाऊस सुरू झाला. आता साडू जीप डांबरी सडकेला झाडाखाली लावतात, विजार गुडघ्यावर घेतात आणि चपला हातात धरून चिखलातून वस्ती गाठतात. परवा खताचा निरोप द्यायला मीही तसाच गेलो, दोनदा पडलो. साडू बाजेवर पाय पसरून पडलेले, झोप लागलेली. म्हातारी चुलीपुढे भाकरी थापत होती. मी म्हटलं, "मावशी, टायर गेले आणि ह्यांचे फार हाल झाले."

म्हातारीने भाकरी उलटली. "पाव्हणं, गाडीनं यायचा तवा हुभ्या हुभ्या भाकर खायचा. गाडी दारात चालूच. आता दमून येतो, मग मुक्कामाला ऱ्हातो. रातीच्याला बोलत पडतो लहानपणासारका." मग तिने लेकाकडे बघितलं, तो झोपलाय ना ह्याची खात्री केली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "पाऊस आजून किती दिस हाय वो?"

"राहील अजून, मावशी," मी म्हणालो.