तात्यांची डावी कूस

आमच्या नर्सिंगच्या बॅचचं गेट-टुगेदर दरवर्षी सांगलीत होतं. चहा येईपर्यंत सगळ्या बीपी आणि सुनांवर बोलतात, चहा आला की किस्से सुरू. कुणी आयसीयूतली, कुणी बाळंतपणाच्या वॉर्डातली. माझी पाळी आली की म्हणतात, "हिला शेवटी ठेवा, हिच्याकडे लय माल आहे." खरंच आहे. वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये सहा वर्षं इन्चार्ज होते. तिथं किस्से धुवायच्या चादरींसारखे साठतात, आजचे काढावेत तर उद्याचे तयार. मी सांगते, त्या हसतात. एक सोडून सगळे सांगते. आज तोही सांगणार आहे, म्हणून आधीच कबूल करते, यातल्या बऱ्याच ठिकाणी हसू आलं तरी मला लाजच वाटते.

* * *

आमचं सेंटर तासगावच्या बाहेर, चारी बाजूंनी द्राक्षबागा. बावीस म्हातारी माणसं, त्यांतली नऊ अंथरुणाला खिळलेली. मी, सोबतीला कवठे महांकाळच्या मालन मावशी, स्वयंपाकीणबाई आणि मालक. मालकांना सगळे 'सर' म्हणायचे.

माण तालुक्यातले तात्या आले तेव्हा त्यांच्याबरोबर मुलगी सुनीता होती. ती दहिवडीला शाळेत शिक्षिका. तात्या फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या घरात. जिन्यावरून पडून मणका मोडला होता. कमरेखाली काही कळत नव्हतं, हातांत जोर उरला नव्हता, पण डोकं आणि जीभ दोन्ही शाबूत.

भरतीच्या फॉर्मवर नातेवाईक न वाचताच सही करतात. तात्यांनी चष्मा मागवला आणि आडवे पडून सगळा फॉर्म वाचला. त्यात एक कलम होतं, की रुग्णाला बेडसोर म्हणजे अंथरुणाच्या जखमा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. तात्यांनी ते दोनदा वाचलं.

"मेलो तर तुमी जबाबदार न्हाई. पाठ सडली तर तुमी जबाबदार न्हाई. मग तुमी जबाबदार कशाला हाय?"

सर म्हणाले, "जेवणाला."

तात्या खो खो हसले आणि सुनीताला म्हणाले, कर सही, माणूस खरं बोलतोय.

* * *

मग कुठल्याशा गावच्या सेंटरवर केस झाल्याची बातमी आली आणि सर घाबरले. त्यांनी सांगलीहून एक वकीलसाहेब आणले. आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून वकीलसाहेबांनी तासभर कायदा सांगितला. तुमच्या त्या कलमाला कोर्ट हिंग लावून विचारत नाही, म्हणाले. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी आणि बदलली याची नोंद हवी. नोंद नसेल तर निष्काळजीपणा, आणि त्याला सर जबाबदार, सिस्टर जबाबदार. शेवटी बोट वर करून म्हणाले, "जे लिहिलेलं नाही, ते केलेलं नाही. असं कोर्ट धरतं."

मालन मावशींनी मागून विचारलं, "आन् लिवलं म्हंजे केलं, आसं बी धरतंय व्हय?"

वकीलसाहेबांनी चहा मागवला.

* * *

दुसऱ्याच दिवशी प्रत्येक पलंगाला तक्ता लागला. वेळ, कूस, सही. पाठ, डावी, उजवी, पाठ, डावी, उजवी. पहिले पंधरा दिवस आम्ही ते मनापासून केलं. माझ्या मोबाईलवर दर दोन तासांनी अलार्म वाजायचा, मी आणि मावशी नऊ पलंग फिरायचो. पण अलार्मला काय कळतं? तो कुणाला भरवताना वाजायचा, कुणी बाथरूममध्ये घसरून पडलं असताना वाजायचा. मग दोनाचे चार तास झाले. चाराचे, जमेल तसं झालं.

तक्ता मात्र एकदाही चुकला नाही. मी रविवारी दुपारी बसून आठवड्याचा भरून टाकायची. एकाच पेनाने भरला तर ओळखू येतो, म्हणून तीन पेनं ठेवली होती. दोन निळी, एक काळं. हे मी सुचवलं होतं, सरांनी नव्हे.

अंथरुणाला खिळलेल्या जैतुनबी चाचींना ईदला नातू तीन दिवस मिरजेला घेऊन गेला, तर आमच्या तक्त्यात त्या तिन्ही दिवस दर दोन तासांनी कूस बदलत होत्या. चाचींनी परत आल्यावर तो बघितला आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं, घरी इतकी छान झोप कशी लागली!" आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा.

त्याच महिन्यात तपासणीला साहेब आले होते. त्यांनी तक्त्याचा फोटो काढला आणि इतर सेंटरवाल्यांना नमुना म्हणून पाठवतो म्हणाले.

* * *

एक किस्सा गादीचा. कुणीतरी दान दिलेली एक एअर मॅट्रेस आमच्याकडे होती. तिला पंप असतो. पंप चालू असला की गादीतली हवा आलटून पालटून फिरते आणि एका जागी दाब पडत नाही. ती तात्यांच्या खाली घातली होती. एकदा सुनीता आली आणि म्हणाली, "सिस्टर, ही गादी चपटी का झालीय?"

बघते तर पंपाची पिन काढलेली. त्या प्लगमध्ये माझा मोबाईल चार्जिंगला लावला होता. तोच मोबाईल, ज्यावर कूस बदलायचा अलार्म लावला होता.

बॅचमध्ये या किश्शाला सगळ्यात जास्त हसतात.

* * *

आता तात्या. त्यांचा पलंग कोपऱ्यात होता. उजवीकडे भिंत, डावीकडे खिडकी आणि खिडकीबाहेर शेजारची द्राक्षबाग. डाव्या कुशीवर वळवलं की तात्यांचा चेहरा खुलायचा. माणमध्ये जन्म झाला, शेळ्यामेंढ्यांमागं पोरपण गेलं, पाणी बघायला मिळायचं नाही, त्या माणसाला आडवं पडून हिरवीगार बाग दिसायची. फवारणी चालली की ते इथून सूचना द्यायचे. घड विरळ करायला बायका आल्या की कोण हात चालवतेय आणि कोण तोंड, हे मला सांगायचे. सुनीताने एकदा विचारलं, घरी न्यायची सोय करू का? तर म्हणाले, द्राक्षं उतरल्यावर बघू.

होळीच्या सुमाराला मालन मावशींची कंबर धरली आणि त्या गावी गेल्या. बदली कुणी मिळालं नाही. तात्या अंगानं जाडजूड. भिंतीकडे त्यांना एकटीने कलंडवता यायचं, कारण भिंतीचा आधार होता. खिडकीकडे वळवायला दोघी लागायच्या, नाहीतर माणूस सरळ फरशीवर. म्हणून अंग पुसण्यापुरतं भिंतीकडे, आणि बाकी दिवसभर पाठीवर, जिथून बाग दिसत नव्हती. पुसताना एकदा पाठीच्या खाली लालसर दिसलं. मी पावडर मारली. नर्स आहे मी, लाल म्हणजे काय ते मला कळतं. तरी पावडर मारली आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

तक्त्यात डावी कूस रोज चार वेळा होती.

एप्रिलमध्ये शेजारच्या बागेची खरड छाटणी झाली. द्राक्षं उतरून गेलेली, वेली पार छाटून नुसते खुंट उभे. काड्या आमच्या आवारापर्यंत आल्या होत्या, स्वयंपाकीणबाईंनी बंबासाठी गोळा केल्या. मी कपडे वाळत घालताना ते बघत होते. तात्यांना सांगावं असं काही मनात आलं नाही. त्यांनी एकदा विचारलंही होतं, "सिस्टर, बाग कशी हाय?"

"छान आहे तात्या," म्हणत मी निघून गेले होते.

* * *

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर सुनीता आली. डब्यात धपाटी होती. वडिलांना भरवायला वाकली आणि तिला वास आला. तिने चादर बाजूला केली, मला हाक मारली, आम्ही दोघींनी त्यांना भिंतीकडे वळवलं. जखम किती खोल होती हे मी सांगत नाही. तात्यांना कमरेखाली काही कळत नव्हतं, ते विचारत होते, "काय झालं गं? कुणी बोलंना का?"

सुनीता शांतपणे म्हणाली, "सिस्टर, हे आजचं नाही."

आणि मी काय केलं, तर ऑफिसात धावले. ड्रेसिंगची ट्रॉली आणायला नव्हे. तक्त्यांची फाईल आणायला. फाईल तिच्यापुढे उघडून मी म्हणाले, "बघा ना, दर दोन तासांनी." तिने फाईल बघितली नाही. माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांतलं हे एकच मला पुसून टाकता आलं असतं, तर मी बाकी सगळं राहू दिलं असतं.

* * *

डॉक्टरांनी जखम साफ केली आणि मिरजेला बेड मिळेपर्यंत तात्यांना भिंतीकडे तोंड करूनच ठेवा म्हणाले, म्हणजे जखमेवर भार येणार नाही. तिसऱ्या दिवशी सुनीताच्या तक्रारीवरून चौकशी अधिकारी आले. तात्यांचा जबाब घ्यायचा होता.

सकाळी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, तक्ते पक्के आहेत, आता तात्या फक्त 'वळवत होते' म्हणाले की विषय संपला. नाहीतर सेंटर जाईल आणि तुमचं नर्सचं रजिस्ट्रेशनही. मी मान हलवली. तात्यांकडे जाऊन त्यांना काही सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

अधिकारी साहेब खिडकीकडच्या खुर्चीवर बसले. सुनीता पायथ्याशी उभी, मी दाराशी. तात्यांचं तोंड भिंतीकडे. साहेबांनी तक्ता वाचून दाखवला आणि विचारलं, हे खरं आहे का?

"सही हाय का तिची?" तात्यांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं की. ड्युटीवरच्या माणसाच्या सहीला मी खोटं म्हणणार न्हाई."

"तात्या," सुनीता म्हणाली, "खरं सांगा."

"खरंच सांगतोय. पोरगी एकटी राबती हितं. बावीस माणसं हायेत, साहेब. तिच्यावर काय येऊ नये."

साहेबांनी पुन्हा विचारलं, "रोज खिडकीकडे वळवायचे? डाव्या कुशीवर?"

"रोज."

"अगदी परवापर्यंत?"

"व्हय, परवापातूर."

"मग काय दिसायचं तुम्हाला?"

तात्यांचा आवाज एकदम खुलला. भिंतीकडे बघत ते सांगू लागले. "बाग दिसती की. लय नामी बाग हाय, साहेब. घड आसं लोंबल्यात, मांडवाला वजन पेलंना. पाणी उतरलंय मण्यात, पिवळं दिसाय लागलंय. मालकाला सांगा, घाई करू नगं. आजून आठ दिस ऱ्हाऊ दे वेलीवर."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून खिडकीबाहेर बघितलं. सुनीतानेही बघितलं. मी बघितलं नाही.

मग साहेबांनी जबाब लिहून घेतला, शब्द न् शब्द. घड, मांडव, आठ दिवस. तात्यांचा अंगठा घेतला, कागद माझ्यापुढे धरला आणि साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. पेन त्यांचंच होतं. मी ते घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

तात्या भिंतीकडूनच म्हणाले, "करा सही, सिस्टर. भ्यायचं न्हाई. मी सांगितलंय सगळं नीट."