समुद्राची ओटी

ये गं, अशी जवळ ये. दारात उभी राहून, एक पाय चपलेत ठेवून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि तो फोन आधी उलटा ठेव. तुम्हा सगळ्यांना म्हातारीकडून गोष्ट हवी असते, पण ती दोन मिनिटांत हवी आणि वर गोडही हवी. ही गोड नाही. सांगताना अजून माझे कान तापतात.

गोष्ट माझ्या लेकीच्या लेकीची. वाढली ती विरारला, फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये, पण सुट्टी लागली की आगाशीला माझ्या वाडीत. पोहायला शिकली ती आमच्याच विहिरीत, पाठीला डबा बांधून. आजोबा काठावर दोर धरून बसायचे आणि डबा सुटल्यावर ही खाली जाऊन विहिरीच्या तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायची. "बघ आजी, मी कुठपर्यंत गेले!" मी म्हणायची, "चिखलच आणलास ना? मोती आणलास तर सांग."

शिकली, अंधेरीला ऑफिसात लागली. आणि एक दिवस ते सगळं सोडून मालवणला गेली, समुद्रात बुड्या मारायचं शिकायला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायांत बदकासारखे पंख. मला आधी वाटलं, चार दिवसांची मौज असेल. ती म्हणाली, "मौज नाही गं आजी. दुसऱ्यांना खाली न्यायचं आणि सुखरूप वर आणायचं, ते शिकतेय. आणि खाली अडकलेली जाळी, पिशव्या, बाटल्या बाहेर काढायच्या."

माझी लेक भडकली. मायलेकींचं जोरात वाजलं आणि शेवटी सौदा झाला: पावसाळ्याच्या आत पक्कं सर्टिफिकेट हातात आलं तर ठीक, नाहीतर गुपचूप परत ऑफिस. पोर तयार झाली. तिला खात्री होती.

मालवणची तिची शिकवणारी ताई वयाने फार मोठी नाही, पण नजर करडी. तिने शेवटचं काम असं दिलं: "तू ज्या किनाऱ्याची, तिथे जा आणि एक सफाई करून दाखव. पाण्याखाली तुझी माणसं, पाण्यावर तुझी माणसं. सगळ्यांची जबाबदारी तुझी. मी नुसती बघणार."

पोरीने अर्नाळा निवडलं. आपला समुद्र कसा, तुला माहीतच आहे. मालवणसारखा निळा नाही, चहासारखा गढूळ. खाली उतरलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. दोरी धरून, चाचपत काम करायचं. पण ती म्हणाली, हेच माझं पाणी. मला काय अभिमान वाटला होता! तिने फोन केला, "आजी, वर आलेला कचरा वेगळा करायला माणसं लागतील."

"माणसं कशाला? बायका देते!" मी म्हटलं. आमचं भजनी मंडळ आहे ना.

"बायका नक्की काय करणार, आजी?"

"काय करणार म्हणजे? हातभार लावतील. तू तुझं बघ."

इथेच माझं चुकलं. तिने विचारलं होतं आणि मी तिला उडवून लावलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा कुणाच्या दारी गेलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि ही तर समुद्राच्या पोटात शिरणार, त्याच्या घरातलं उचलणार. त्याला आधी मान नको द्यायला? मंडळात मी उभी राहून सांगितलं, "समुद्राची ओटी भरायची. प्रत्येकीने आपापली आणायची." सगळ्यांना ते इतकं पटलं की एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आगाशीच्या बाजारात ओटीची तयार पाकिटं मिळतात. आत खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, छोटी फणी, आरसा, सगळं एकत्र, वर प्लास्टिक चढवून रिबिनीची गाठ. घरी बसून वेगवेगळं जमवायला कुणाला वेळ आहे आता?

त्या दिवशी सकाळी भरती होती. आम्ही सगळ्या एकसारख्या हिरव्या साड्या नेसून धक्क्यावर पोचलो. पोर आणि तिचे सोबती पलीकडे होडीजवळ टाक्या तपासत होते. मी म्हटलं, ती येईपर्यंत आपण उरकून घेऊ. पाकीट फोडून ओटी सोडावी असं एकीच्या मनात आलं, नाही असं नाही. पण वारा असा होता की कुंकू सगळ्यांच्या साड्यांवर उडालं असतं. मग म्हटलं, राहू दे, तशीच सोडू. समुद्राला काय, तो आपला आपण काढून घेईल.

आणि झालं काय, पाकिटं तरंगायला लागली. नारळ ना आत. एकेक लाट यायची आणि आमच्या ओट्या आमच्याच पायाशी आणून टाकायची.

"अगं बाई, घेत नाहीये तो!"

"ओटी परत आली म्हणजे काही बरं नाही हो."

"आज तर पोर पाण्यात उतरणार."

ह्या शेवटच्या वाक्यावर मी पदर खोचला. मग कुणाला काय सुचलं असेल? धक्क्याजवळचे दगड उचलले, पाकिटांत घातले, गाठी घट्ट मारल्या आणि एकेक करून पाकिटं बुडवली. पहिला दगड मीच घातला. सगळ्या ओट्या खाली गेल्या तेव्हा आम्ही हात जोडले. मला वाटलं, चला, आता पोरीला भीती नाही.

पोर आली, आम्हाला बघून हसली. "काय गं आजी, लग्नाला आलात का?" मग ती आणि तिचे सोबती दोरी धरून उतरले. खडकांत जुनं जाळं अडकलं होतं, ते काढायचं होतं. आम्ही बुडबुडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने ती वर आली. हातात जाळं नव्हतं. हातात आमचं पाकीट होतं. कोरं, रिबिनीसकट, आतला खण अजून सुका. तिने पाकिटाकडे बघितलं आणि मग सरळ माझ्याकडे. ताईकडे नाही, माझ्याकडे.

तोवर माझ्या मैत्रिणी ओरडायला लागल्या होत्या. "अगं, ते नको काढू! ओटी परत काढत नाहीत!" "ठेव, ठेव, होतं तिथे ठेव!" आणि एकीने तर, "पोरी, लग्न अडेल तुझं!" धक्क्यावर मासळी निवडत बसलेली एक बाई खो खो हसली, "आज्ये, पिशवीसकट नारल कोन खानार गं, पापलेट?"

पोरीने पाकीट वर ठेवलं आणि ती परत खाली गेली. ती आणि तिचे सोबती सगळी हवा आमच्या ओट्या शोधण्यात घालवत होते. एक वर यायची, दुसरी वर यायची. आम्ही धक्क्यावर हिरव्यागार उभ्या, आणि आमच्या पायाशी आमचाच ढीग वाढत होता. जाळं राहिलं तिथेच. मग ती वर आली तेव्हा तळहातातून रक्त येत होतं. एक पाकीट खडकावर फाटलं होतं, आतली फुटलेली बांगडी लागली. खाली दिसत नाही म्हटलं ना मी, चाचपून काढत होती.

ताईने हात वर केला. "बस्स. सगळे बाहेर."

मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती पोरीकडे वळली. "खालचं काम तू नीट केलंस. पण वरची माणसंही तुझीच होती. काय टाकायचं नाही, हे त्यांना सांगणं तुझं काम होतं. आजचं मी धरू शकत नाही."

"हो, ताई," पोर म्हणाली.

एवढंच. 'मी विचारलं होतं, आजीने सांगितलं नाही' असं म्हणायला तिला एक क्षण लागला असता. तिने नाही म्हटलं. आणि मी? आयुष्यभर जिची जीभ टाळ्याला लागली नाही ती मी, दगडासारखी उभी. 'अहो ताई, हे माझं काम, तिला माहीतही नव्हतं' एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. सगळ्या बायका बघत होत्या ना. मंडळात मला मान आहे ना. त्या मानासाठी मी नातीला माझी चूक उचलू दिली.

ती रात्र ती माझ्याकडे राहिली. हाताला पट्टी. मी सुकेळी, आपली वाळवलेली केळी, घालून तिच्या आवडीची खीर केली. तिने खाल्ली, आणि म्हणाली, "छान झालीय हं, आजी." पाहुणे म्हणतात तसं. एरवी ती भांड्यातूनच चाटून खाते. लेकीचा फोन आला. मला म्हणाली, "आई, तिचं ह्यावर काय अडलं होतं ते तुला माहीत होतं ना गं?" 'आवाज नीट येत नाही' असं म्हणून मी फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.

ताई चांगली बाई. आणखी एक संधी दिली तिने. पण पोर म्हणते, आता तिकडेच करते, मालवणला. "आपल्याकडे नको, आजी. बायकांना उगाच त्रास." बायकांना त्रास! लाज वाटते असं म्हणाली असती तर मी सहन केलं असतं.

नंतर एका शनिवारी मंडळात मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या दिवशी नातीचं काही चुकलं नव्हतं, चुकलं माझं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. एकजण फणकारली, "मग काय, देवाचं करायचंच नाही का आता?" वाद झाला. काहीजणी माझ्याशी बोलत नाहीत. दोघीतिघींनी मात्र विचारलं, कचरा वेगळा कसा करतात गं, ओला कुठला, सुका कुठला? मला कुठे ठाऊक? मी म्हटलं, तिला विचारायला हवं. त्या ताईलाही मी फोन लावला. पहिलं वाक्य बोलायला मला घाम फुटला, पण बोलले. ती इतकंच म्हणाली, "हे तिला सांगा, आजी."

म्हणून हे सांगते आहे. आता तो फोन सरळ कर आणि माझं एवढं बोलणं भरून तिला पाठव. ऐकतेस ना गं तू, मालवणात बसून? ते जाळं अजून आपल्या खडकात आहे. तुझी आई मी बघते, तिला त्या पावसाळ्याच्या मुदतीचं मी समजावते. तुला मला बोलायचं असेल तर फोनवर नको, इथे येऊन बोल, आणि मोठ्याने बोल, सगळ्यांसमोर. सफाई तिकडे करायची असेल तर तिकडे कर. पण त्याआधी एकदा ये. हात बरा झाला का, ते मला डोळ्यांनी बघायचं आहे. लवकर ये, बाळ.