नोंदीत नसलेले भांडे

वयाबरोबर कितीतरी केसेस पुसट झाल्या, सिंगापूरची ती मात्र मनातून जात नाही. नव्वदच्या दशकात दुसऱ्याच एका तपासासाठी मी तिथे गेलो होतो. एका डॉक्टरने पोलिसांना फोन केला. जहाजावरचा एक भारतीय इंजिनिअर तळहात भाजून आला होता. वाफेने भाजले म्हणत होता. पण वाफेने भाजलेला माणूस त्याच क्षणी बोंबलतो, याला फोड काही दिवसांनी आले होते.

जहाजावरच्या त्याच्या लॉकरमध्ये शिशाचे जड भांडे सापडले. आत किरणोत्सर्गी द्रव्याची कुपी. सोव्हिएत संघ फुटून झालेल्या एका देशातल्या गोदामातून आलेली. इंजिनिअर रत्नागिरीकडचा, म्हणून सिंगापूरच्या तमिळ इन्स्पेक्टरने मला, मराठी पोलिसाला, त्याचा जबाब घ्यायला बसवले.

"एकच भांडं होतं, साहेब. गोदामवाल्याला पगार नव्हता. मला म्हणाला, सिंगापूरला पोचव."

तीन दिवस त्याचे हेच पालुपद. त्या देशाकडून उत्तर आले: रजिस्टर जुळते, आमचे काहीही गेलेले नाही.

"टॅली लाह, सर," इन्स्पेक्टर तिथल्या इंग्रजीच्या ढंगात वैतागून म्हणाला. "मग हे आकाशातून पडलं?"

कागद खोटे बोलत नाही म्हणतात. कागदाला काय, जे लिहाल ते तो मुकाट्याने ऐकतो. तेव्हा मला आमच्या ठाण्याचा शस्त्रागार सांभाळणारा हवालदार आठवला. सरावातल्या चार-दोन गोळ्या खर्ची दाखवून तो बाजूला ठेवायचा आणि तपासणीत कमी भरल्या की त्यातून भरायचा. चोर नव्हता, साहेबाला घाबरायचा. ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी इंजिनिअरला हे सांगितले. "तुझा गोदामवालाही असंच करायचा ना?"

"हो. कुठंच नोंद नाही, कुणी शोधणार नाही म्हणाला."

"मग त्यानं एकच का दिलं असेल?"

तो दाराकडे बघू लागला.

"घरी कोण असतं?"

"बायको. इथंच, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटवर."

"आणि दुसरं भांडं?"

"तिथंच, पलंगाखाली. शिसं आहे साहेब, काही होत नाही."

"झाकण कधी उघडलंस?"

त्याने बँडेजच्या हाताकडे पाहिले. "एकदाच. बघायला."

"नीट लावलंस?"

तो ढसाढसा रडायला लागला.

आम्ही फ्लॅटवर पोचलो. दार तिने उघडले, भिंतीला धरून. "हे नाही आले? बरेच दिवस उलट्या होतायत," ती जरा लाजून म्हणाली. "गोड बातमी असावी." तिला लगेच खाली नेले. पलंगाखालच्या भांड्याचे झाकण तिरके बसले होते.

ती हॉस्पिटलमधून परत आली नाही. पुढे त्या गोदामातला डबा न् डबा रजिस्टर बाजूला ठेवून मोजला गेला म्हणे. जास्तीचे किती निघाले, ते आम्हाला कुणी कळवले नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक तपासणीत मी कमी किती, याच्या आधी जास्त किती, ते विचारत आलो.

शिक्षा लागल्यावर इंजिनिअर एकदा भेटला. "पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर वाचली असती का?"

"डॉक्टरांनाही सांगता येत नाही," मी म्हणालो. ते खरेच होते. पण माझ्याच ठाण्यातली गोष्ट आठवायला मला तीन दिवस लागले आणि त्या तिन्ही रात्री ती त्याच पलंगावर झोपली, हे मी त्याला सांगितले नाही.