बेचाळीस पावलांवरचा पाइप

मशीन निवडायचं काम तुमच्या या आजीकडे आलं, कारण वहीत रकाने आखायची हौस या घरात मला एकटीलाच. वाटूरजवळच्या आपल्या बागेत ठिबकसाठी नवा पाइप गाडायचा होता. मोठी पोकलेन मोसंबीच्या ओळीत घातली असती तर फांद्या मोडल्या असत्या, आणि हाताने चर खोदायला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून छोटी पोकलेन, कागदावर जिला मिनी एक्सकॅव्हेटर म्हणतात, ती विकत घ्यायची ठरली.

मी दोन आठवडे माहितीपत्रकं वाचली. इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या वर्षांचा एवढा तरी उपयोग. रुंदी, वजन, किती खोल खोदते, पट्टे रबरी की लोखंडी, सुटे भाग जालन्यात मिळतात का, असे रकाने केले. दोन ओळींमधलं अंतर टेपने मोजलं, तेही फळांच्या भाराने फांद्या खाली आल्यावर. शेवटी दोन मशीनं उरली. त्यातलं लहान मशीन दाखवायला मंठ्याचा एक चालक टेम्पोतून घेऊन आला.

जमिनीखाली काय आहे, हा रकाना मात्र मी केला नव्हता. त्याची गरजच कधी पडली नव्हती. आपल्याकडे जुन्या पाइपलाइनचा नकाशा कोणी काढत नाही. ज्याने गाडली त्याला ती पाठ असते. आपली पाइपलाइन तुमच्या आजोबांनी गाडली, तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा. बांधाच्या कडेने जाऊन, विहिरीपासून पूर्वेला बेचाळीस पावलांवर ती बागेकडे वळते. हा आकडा मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही सांगेन.

चालकाने विचारलं, खाली काही आहे का. आजोबा विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले आणि मोजत निघाले. बेचाळीसला थांबून त्यांनी काठी रोवली. इथं पाइप आहे, सहा पावलं सोडून पुढं खोदा, असं त्यांनी सांगितलं. मी खुर्चीवर वही घेऊन बसले होते. मशीन वळायला किती जागा घेते ते लिहीत होते.

तिसऱ्या की चौथ्या बकेटला फट्ट असा आवाज आला आणि पाण्याचा लोट मशीनच्या छतावर गेला. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची होती, विहिरीवरची मोटर चालू होती. वर्षभर आपल्याकडे कामाला असलेला सालदार स्टार्टरकडे धावला. पाणी बंद झालं तेव्हा चालक डोक्यापासून बुटांपर्यंत काळ्या चिखलाने माखला होता.

"मावशी," तो चेहरा पुसत मला म्हणाला, "पाण्याची टेस्टबी झाली बगा. लिव्हा वहीत."

मला हसू आलं नाही. मी आजोबांकडे बघत होते. ते काठीकडे बघत होते, मग फुटलेल्या पाइपाकडे, मग परत काठीकडे.

"बेचाळीसच मोजले," ते म्हणाले. "न्हाई, बेचाळीसच."

मी वही मिटली. पाइप दुपारपर्यंत जोडला जातो, त्याचं काही नव्हतं. पण हा माणूस या शेतातला एकेक दगड ओळखतो. महिन्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट मला एका दिवसात दोनदा सांगितली होती आणि मी ती दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली होती. ते सगळं आता एकदम समोर आलं. सालदारही मान खाली घालून उभा राहिला. त्यालाही तेच वाटलं असावं.

काय करावं ते सुचेना, तेव्हा मी मला येतं ते केलं. टेप काढला. विहिरीपासून फुटलेल्या पाइपापर्यंत एकशे पाच फूट भरले. बेचाळीसने भागलं तर एका पावलाला बरोबर अडीच फूट. मग विहिरीपासून त्यांच्या काठीपर्यंत मोजलं. एक्याण्णव.

मी वहीत दोनदा हिशेब केला. आकडा चुकला नव्हता. पाऊल चार इंच आखूड झालं होतं.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"म्हंजे आकडा बराबर व्हता?"

"बरोबर होता."

"मंग ठीक." ते खाली बसले.

मशीन तेच घेतलं. जुन्या पाइपांजवळ बिनदातांचं बकेट लावायचं असतं, हे चालकाने नंतर सांगितलं. तो रकाना मी उशिरा भरला. पुढचे चार दिवस आजोबा विहिरीजवळ खुर्ची टाकून आकडे सांगत गेले, कडुनिंबापासून सतरा, गोठ्यापासून तीस, आणि मी प्रत्येकाला अडीचने गुणून फुटांत लिहीत गेले. तीन ठिकाणी सालदाराने हाताने उकरून पाहिलं. तिन्ही ठिकाणी पाइप निघाला.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं घरापासून विहिरीपर्यंत शेजारी शेजारी चालत जातो. माझं त्यांच्याकडे लक्ष असतं. तरी मला कधी काही दिसलं नाही. काल ते पुढे गेल्यावर मी ओल्या मातीत उमटलेल्या माझ्याच दोन पावलांमधलं अंतर टेपने मोजलं. तेही त्यांच्याएवढंच निघालं.