बाहुलीवरचा उपचार

जयवंती राऊतला कशाचीच किळस येत नाही, असं भुईगावात म्हणत. कौतुकाने म्हणणारे होते, तसे टोमणा मारणारेही होते. सांडोरची ही मुलगी लग्न होऊन भुईगावच्या वाडीत आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. नव्या सुनेच्या हातात पहिल्याच आठवड्यात आलं ते सासूच्या शौचाचं भांडं. पहिल्या दिवशी ती केळींच्या मागे जाऊन भडभडून ओकली, पण ते कुणी पाहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ओकायला वेळच राहिला नाही. पुढे गोठ्यातली अडलेली गाय आली, शेजारच्या हिल्डाच्या बाळंतपणातली धुणी आली, शेवटी नवऱ्याच्या, प्रल्हादच्या, खोकल्यातलं रक्त आलं. सगळं तिने उपसलं. हात साबणाने धुवायचे, पदराला पुसायचे आणि चुलीपाशी बसायचं, एवढाच तिचा विधी.

अशा बाईला किळस म्हणजे काय हे कळलं ते उतारवयात, मुलाच्या फ्लॅटमध्ये, उताणं पडल्या पडल्या.

झालं असं की वाडीतल्या पाटाला पाणी लावताना ती एका सकाळी कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र जागेवर होतं. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं, उत्तरही मनात तयार असायचं. तोंडातून मात्र फक्त 'आ... आ' बाहेर पडे. मुलगा जगन्नाथ मुंबईला सरकारी कचेरीत होता. त्याने आईला वसई स्टेशनजवळच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. नात क्षितिजा शिकायला पुण्याला गेलेली, तिची खोली रिकामीच होती. त्या खोलीत जयवंतीची खाट लागली. दार उघडं असलं की तिथून हॉलमधला सोफा दिसे.

सून स्वप्ना वाईट नव्हती. हे जयवंतीने नंतरही कधी नाकारलं नाही. पहिले काही महिने तिने केलं. सकाळी कामाला येणारी लतिका एका बाजूने धरी, स्वप्ना दुसऱ्या बाजूने, आणि दोघी मिळून म्हातारीला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत. स्वप्नाच्या नाकाला रुमाल असे, पण हात असत. जयवंती अंगाने भारी होती. स्वप्नाची कंबर धरली, झोप उडाली, ती चिडचिड करू लागली. तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधली सीमा तिला म्हणाली, "अगं, तू रेकी का नाही शिकत? आमचे सर बघ, फक्त हात ठेवतात आणि थकवा जातो."

ते सर म्हणजे हर्षवर्धन. पूर्वी विम्याचं काम करत, आता लोक त्यांना मास्टर म्हणत. पांढरा झब्बा, बोटात चार खडे, आणि आवाज असा की तुपात बुडवून काढलेला. स्वप्नाने पहिली पायरी केली, मग दुसरी. दर रविवारी दुपारी त्यांचा गट तिच्याच हॉलमध्ये भरू लागला.

आतल्या खोलीत पडून जयवंती सगळं ऐकत असे.

"हीलरने आधी स्वतःला सांभाळायचं," सर सांगत. "आपल्याकडे रोज लाइट जाते की नाही? इन्व्हर्टरच चार्ज केलेला नसेल तर दिवा कशावर लागणार? तुम्ही म्हणजे इन्व्हर्टर. पेशंट तुमचा करंट ओढत असतो. त्याला कळतही नाही, पण ओढतो."

"सर, आमच्या सासूबाई..." स्वप्ना हळू आवाजात म्हणाली.

"तेच सांगतोय. तुमची कंबर का दुखते? त्यांचं मूलाधार चक्र बंद पडलंय, म्हणून त्या तुमच्यातून खेचतात. तुम्ही त्यांना हात लावता तेवढ्या वेळा तुम्ही लुटल्या जाता."

मग मिठाचे वाडगे आले. एक हॉलमध्ये, एक जयवंतीच्या खाटेखाली. खाटेखालचा वाडगा म्हणे तिच्यातून निघणारी घाण शोषून घेई. गटातल्या बायका तिच्या दारावरून गेल्या तरी मिठाच्या पाण्यात हात बुडवत, आणि मग चहाबरोबर वडे खात एकमेकींना सांगत, "परवा माझ्याकडे एक डायबेटिसवाला आला होता. काय घाण एनर्जी गं त्याची! दोन दिवस माझं पोट जड होतं." "माझ्याकडची ती कॅन्सरवाली तर नकोच. तिला मी सांगितलं, फोटो द्या, लांबूनच करते." हसत, चटणी मागत. आजारी माणसांबद्दल जणू नालीतल्या गाळाबद्दल बोलावं तसं. जयवंती तोंड भिंतीकडे फिरवी. घाणीसमोर तिने कधी तोंड फिरवलं नव्हतं.

स्वप्नाला आता मास्टर व्हायचं होतं. त्याआधी शुद्धी पाळायची असते, तोवर जड एनर्जीच्या माणसाला स्पर्श करायचा नाही, असा सरांचा नियम होता. स्वप्नाने लतिकाला सांगितलं, "आजीचं तू एकटीच बघ. पुढून पुसून घे, पावडर लाव. मी धरायला येणार नाही."

लतिका किडकिडीत मुलगी. तिने एकटीने वळवून पाहिलं, जमलं नाही. मग जयवंती उताणीच राहिली. काही दिवसांनी लतिका हॉलच्या दाराशी जाऊन म्हणाली, "वहिनी, आजीची पाठ खालच्या अंगाला लाल झालीय. फुटेल असं वाटतंय."

"तिथेच मूलाधार असतं," स्वप्ना म्हणाली. "मी हीलिंग पाठवते आज."

तेव्हापासून जयवंतीला एकच गोष्ट हवी होती: कुणीतरी आपल्याला कुशीवर वळवावं. कमरेच्या खाली पाठीला आधी निखारा ठेवल्यासारखं झालं, मग तिथे ओल आली, मग वास. दारातून जगन्नाथ रोज संध्याकाळी विचारी, "आई, बरंय ना?" ती 'आ... आ' करी. तो म्हणे, "झोप हं," आणि टीव्ही लावी. वास आला तर स्वप्ना कापूर जाळी, उदबत्त्या लावी. शेवटी शेवटी खोलीत देवळाचा आणि खाटकाच्या दुकानाचा वास एकत्र येऊ लागला. जयवंती डाव्या हाताने खाटेचा कठडा धरून स्वतःला उचलू पाही. एक वीत उचलली जाई आणि परत त्याच जागेवर आदळे.

हीलिंग पाठवायचं म्हणजे कसं, ते तिला एका रविवारी दिसलं. सोफ्यावर क्षितिजाची जुनी कापडी बाहुली निजवली होती, गुलाबी फ्रॉकची. तिच्या छातीवर चिठ्ठी टाचलेली: जयवंती प्रल्हाद राऊत.

"लांबच्या पेशंटला असंच देतात," सर नव्या बायकांना समजावत होते. "बाहुली म्हणजे पेशंट. भाव महत्त्वाचा."

लांबचा पेशंट दहा पावलांवर होता. कुणी तिकडे पाहिलं नाही. स्वप्ना डोळे मिटून गुडघ्यांवर बसली आणि बाहुलीच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्यावर, मग छातीवर. तिचे हात इतके हळू चालत होते, इतक्या मायेने, की जयवंतीला वाटलं, ही एवढी माया हिच्यात होती कुठे! चिंध्या भरलेल्या त्या पोटावरून स्वप्नाने तळवा फिरवला, फ्रॉक सारखा केला.

"आता पालथं करा," सर म्हणाले. "पाठ विसरायची नाही. सगळे पुढून करतात आणि पाठीकडे दुर्लक्ष करतात. हं, सांभाळून वळवा, पेशंट आहे."

स्वप्नाने दोन्ही हातांनी, मानेला आधार देत, बाहुली वळवली.

जयवंती ओरडली. 'आ' एवढंच निघालं, पण मोठ्याने. हॉलमध्ये सगळ्यांनी डोळे उघडले. सर मंद हसले. "बघा, पोहोचलं. लगेच रिअॅक्शन आली." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या क्षणी जयवंतीला जी शिसारी आली तिला तोड नव्हती. अंगाखालच्या ओलीची नव्हे, त्या टाळ्यांची. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

पुढच्या रविवारी गट बसलेला असतानाच बेल वाजली. भुईगावची हिल्डा, हातात वाडीतल्या केळ्यांची फणी, सोबत तिची मुलगी पॉलिन. पॉलिन इस्पितळात नर्स होती. हिल्डा पाय घासून आत आली, सोफ्यावरची बाहुली पाहिली, चिठ्ठी पाहिली.

"हे काय गो स्वप्ना? बाहुलीचं लग्न?"

"हिल्डामावशी, जरा हळू. आईंनाच हीलिंग चाललंय."

"मग जयवंती कुठंय?"

"आत. पण आत्ता जाऊ नका, मध्ये तुटेल."

"तुटू दे," म्हणत हिल्डा आत गेली. दारातच थांबली. नाक फेंदारलं. "पॉलिन, ये गो इकडं. कोंबडी मरून पडल्यासारखा वास येतोय." मग खाटेवर वाकली. "जयवंते, काय गो, कुठं दुखतं?"

जयवंतीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि आपल्या कमरेखाली ओढलं. हिल्डाने चादरीत हात घातला, बाहेर काढला आणि हाताकडे बघत राहिली. बोटं पिवळी झाली होती.

"वळवायला हवं. दोघींनी नाही झेपायचं," पॉलिन म्हणाली. हिल्डा हॉलमध्ये येऊन सरांसमोर उभी राहिली. "तुम्ही पुरुषमाणूस आहात. चला, चादरीचं एक टोक धरा."

सर मागे सरले. "बाई, मी शरीराला स्पर्श करत नाही. मी इंटेन्शनवर काम करतो."

"मग तुमच्या इंटेन्शनला पाठवा आत. चादर धरायला सांगा."

सीमाला हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात धरला. जगन्नाथ खाली सोसायटीच्या मीटिंगला होता, लतिकाची सुट्टी. हिल्डाने खिडकीतून त्याला हाक मारली, सगळ्या बिल्डिंगने ऐकावी अशी. तो धापा टाकत आला आणि आईच्या दारात नाकाला हात लावून उभा राहिला.

"जगू, नाक सोड आणि आईचे पाय धर," हिल्डा म्हणाली.

तिघांनी मिळून जयवंतीला कुशीवर घेतलं. चादर पाठीला चिकटली होती, पॉलिनने पाणी लावून सोडवली. मुठीएवढी जखम, कडा काळ्या. जगन्नाथ भिंतीला टेकला. "हे... हे कधी झालं?"

सर दारापर्यंत आले होते. त्यांनी एकवार डोकावलं आणि घसा साफ केला. "घाबरू नका. ही हीलिंग क्रायसिस असते. आतली घाण बाहेर पडतेय. उपचार लागू होतोय."

"हे मांस सडलंय," पॉलिन वळून न बघता म्हणाली. "बेडसोर म्हणतात ह्याला. अजून आठवडा असाच गेला असता तर हाड दिसलं असतं. डॉक्टरांना आजच बोलवा."

सरांनी चपला घातल्या. बायकाही एकेक करत उठल्या. जाताना दोघीतिघींनी मिठाच्या वाडग्यात बोटं बुडवलीच. स्वप्ना त्यांच्यामागे गेली नाही. ती खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, आत येत नव्हती, बाहेरही जात नव्हती.

डॉक्टर येऊन गेले. आतलं औषध, बाहेरचं औषध, रोज दोनदा ड्रेसिंग, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. इस्पितळात ठेवायची गरज सध्या नाही म्हणाले, पण घरी होणार असेल तरच. "होणार आहे का?" त्यांनी विचारलं. जगन्नाथ बायकोकडे बघू लागला.

"तिच्याकडं काय बघतोस? आई तुझी," हिल्डा म्हणाली. "रात्रीचं तू. दिवसाचं ही. मी येईन, पण मी रोज भुईगावाहून येणार नाही, आणि आले की आधी तिची पाठ उघडून बघीन."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी पॉलिन शिकवायला आली. जयवंती लतिकाच्या आधाराने कुशीवर होती, तोंड स्वप्नाच्या बाजूला. पॉलिनने पट्टी उचलली. "हे बघ वहिनी. बाहेरून आत पुसायचं नाही, आतून बाहेर, हे असं. हात लाव. ग्लोव्ह आहे ना."

स्वप्नाने वाकून पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग वाकडा झाला. तोंडावर हात दाबून ती न्हाणीघराकडे पळाली. ओकारीचा आवाज आतपर्यंत आला. लतिका जयवंतीकडे ओशाळून बघू लागली. जयवंतीला मात्र राग आला नाही. गेल्या कितीक महिन्यांत सुनेच्या चेहऱ्यावर तिने पाहिलेली ही पहिली खरी गोष्ट होती. नाक मुरडणं होतं, भीती होती, लाज होती; सरांच्या आवाजातलं ते तूप नव्हतं.

स्वप्ना परत आली. डोळे लाल, केस ओले. "पॉलिन, परत दाखव."

तिने जखम पुसली. कापूस दोनदा खाली पडला, औषध जास्त लागलं आणि जयवंती कण्हली. "चुकलं का? आई, चुकलं का?" स्वप्ना विचारत राहिली. मग पट्टी चिकटवता चिकटवता तिचा बांध फुटला. "आई, मला माफ करा. मला खरंच वाटत होतं की मी करतेय. मी रोज करत होते हो..."

जयवंतीने डोळे मिटले. माफी द्यावी असं तिला वाटत नव्हतं, आणि वाटलं असतं तरी तिच्या तोंडून ती शब्दांत निघाली नसती. सुनेने बाहुलीला तिच्यापेक्षा जास्त जपलं होतं, ती बोच पट्टीखाली झाकली जाणार नव्हती.

"आता दुसरी कूस," पॉलिन म्हणाली. "वहिनी, तू खांद्याखाली हात घाल. लतिका, तू कमरेला."

स्वप्नाने रुमाल न बांधता खाली वाकून सासूच्या खांद्याखाली हात घातला. तिच्या गळ्याला घामाचा आणि ओकारीचा आंबूस वास येत होता. तिघींनी एकदम जोर लावला. खाटेची कड जवळ आली तेव्हा जयवंतीने आपला डावा हात वर केला आणि सुनेच्या मानेभोवती टाकला. पडायची भीती वाटली म्हणून, बाकी काही नाही. स्वप्नाने तो काढला नाही.

पाठीवरचा भार सुटला. जयवंतीने श्वास सोडला, आणि पुढची कूस बदलायची वेळ होईपर्यंत ती गाढ झोपली.