अंबाडीच्या भाजीत काय असतं

गोरेगावच्या आसपास धान पिकवणारा आणि मनिरामला ओळखत नाही असा शेतकरी सापडणं कठीण. धानाचा त्याचा व्यापार तसा लहानच, पण माल तपासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांकडे तो बघायचाही नाही. परखी, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, सरळ पोत्याच्या पोटात खुपसायची, आतून निघालेले दाणे तळहातावर घ्यायचे आणि एकेक दाताखाली फोडून बघायचा. वर सुका आणि खाली ओला माल भरणारे लोक त्याने आयुष्यभर पाहिले होते. पुढेपुढे त्याला सगळं जगच तोंड शिवलेल्या पोत्यासारखं वाटायला लागलं.

घरी जेवायला बसला तरी ही सवय सुटायची नाही. बोटाने तळचा भात वर काढायचा, वरण हुंगायचा, मगच पहिला घास. लग्नाच्या पंगतीत रश्शाच्या भाजीला तो हातही लावत नसे, कारण रश्शाचा तळ दिसत नाही. सगळ्यात जास्त तिटकारा त्याला झिंग्यांचा. लहानपणी मामाकडे वांग्याच्या भाजीत त्याला एक अख्खा सुकलेला झिंगा सापडला होता, डोळ्यांसकट. तेव्हापासून त्याच्या ताटात झिंगे दिसले नाहीत. बाजारात सुकट विकणाऱ्या बायका बसतात, ती ओळ तो नाकाला रुमाल लावून ओलांडायचा.

फक्त एका पदार्थावर त्याचा डोळे मिटून विश्वास होता. बायकोच्या, नंदाबाईच्या हातची अंबाडीची भाजी. ती ताटात पडली की मनिराम काही तपासत नसे. दोनदा मागून घ्यायचा आणि वर पाणी पिऊन ढेकर द्यायचा.

यंदा मुलीचं, मंजूचं बाळंतपण आलं आणि नंदाबाई तिच्याकडे केशोरीला गेली. घरी राहिले मनिराम, मुलगा हिमांशू आणि नवी सून दामिनी. दामिनी गोंदिया शहरातली, भातापेक्षा पोळ्या खाणाऱ्या घरातली. पण पोरगी शिकायला तयार होती. सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. एके दिवशी मामाजींसाठी तिने हौसेने अंबाडी केली.

मनिरामने घास घेतला आणि तो थांबला.

"काय टाकलं यात?"

"अंबाडी, तुरीची डाळ, तांदळाची कणकी. लसणाची फोडणी दिली."

"बाजारचा मसाला?"

"नाही मामाजी."

भाजी वाईट नव्हती. आंबट होती, तिखट होती, पण आत काहीच नव्हतं. मनिरामला शंका आली की पोरगी टाळाटाळ करते. दोन दिवसांनी पुन्हा तीच भाजी, पुन्हा तशीच. आता वाटलं, नवऱ्यासाठी वेगळी काढून ठेवत असेल. हिमांशू हात धुवायला गेला तेवढ्यात त्याने ताटं बदलली. हिमांशूच्या ताटातली भाजीही तशीच निघाली. दामिनीने दारातून हे पाहिलं आणि ती आत गेली.

मग मनिराम पहाऱ्यालाच बसला. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली, पेपर उघडला आणि पेपराच्या वरून बघत राहिला. दामिनीने अंबाडी उकळली, आंबट पाणी काढलं, डाळ-कणकी घालून घोटली. तिच्या मानेवर घाम आला होता. शेवटी हातातला डाव तिने खाली ठेवला.

"मामाजी, तुम्हीच सांगा काय टाकू. जे सांगाल ते टाकते. असं मागं बसून राहू नका."

मनिरामने सांगितलं. लसूण जास्त, फोडणी जवसाच्या तेलात, मिरची सुकी. तिने तसंच केलं. भाजी तशीच झाली.

त्या रात्री पहिल्यांदा त्याचा संशय घर सोडून केशोरीकडे वळला. त्याने नंदाबाईला फोन लावला.

"तू अंबाडीत काय टाकते वं?"

"काही नाही. हाताची चव राहते," ती म्हणाली आणि बाळ रडून राहिलं म्हणून फोन ठेवला. मनिरामला बाळाचं रडणं काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दामिनी शेजारी गेलेली पाहून तो स्टुलावर चढला. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांच्या मागे दंतमंजनाची एक जुनी डबी होती. त्यांच्या घरी सगळे कधीपासून टूथपेस्ट वापरत होते. झाकण उघडलं तर आत तपकिरी भुकटी. त्याने भीतभीत हुंगून पाहिलं. वास ओळखीचा होता, अगदी आतला. नंदाबाईच्या अंबाडीचा.

मनिराम स्टुलावरच बसला. बायका नवऱ्याला काहीबाही खाऊ घालून मुठीत ठेवतात, असं त्याने धानाच्या ढिगावर बसून किती वेळा ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. आता त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. लग्नाआधी रायपूरला जाऊन दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं. लग्न झालं आणि तो कुठेच गेला नाही. भावाशी जमिनीवरून भांडण पेटलं होतं, तेव्हा नंदाबाईने एक शब्द टाकला आणि त्याने माघार घेतली. का घेतली, याचं उत्तर त्याला आजवर सापडलं नव्हतं. त्याने डबी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि एसटी पकडली.

कोहमाऱ्याला बस बदलून तो केशोरीला पोचला, तेव्हा नंदाबाई अंगणात बाळाला तेल लावत होती. मंजू आत झोपलेली. मनिरामने नातवाकडे धड पाहिलंही नाही. डबी पुढे धरली.

"हे काय आहे?"

"कुठं भेटली?"

"मी विचारून राहिलो, काय आहे."

नंदाबाईने बाळाचा पाय हलकेच खाली ठेवला. "झिंगे," ती म्हणाली. "भाजून कुटलेले. लसूण अन् जवस बी आहे त्यात."

मनिरामला आधी नीट कळलंच नाही. करणी असती तर त्याला एवढं लागलं नसतं. करणी उतरवता येते.

"कवापासून?"

"मी आली तवापासून. अन् माझ्या आधी तुमची माय टाकत होती. तिनंच शिकवलं मले. पोरगं झिंग्याबिगर अंबाडी खात नाही म्हणे, अन् झिंगा दिसला का ताट ढकलते."

आईसुद्धा. मनिराम ओट्यावर बसला. ज्या एका ताटात त्याने कधी बोट घालून पाहिलं नाही, तेच ताट खालून वेगळं निघालं होतं.

"आणखी कशात काय टाकते?"

"ते विचारू नका. इतक्या वर्षांत माझ्या हातचं खाऊन कधी आजारी पडले का?" ती बाळाच्या अंगाला पुन्हा तेल लावू लागली. "अन् दामिनीवर पहारा काऊन केला? फोनवर रडत होती पोरगी."

"रडत होती, तर मंग तूच काऊन नाही सांगितलं तिले?"

नंदाबाईचा हात थांबला. मग खाली बघूनच म्हणाली, "सांगितलं असतं. पण घरात माझं असं दुसरं काय आहे? आल्या आल्या तिले कायले देऊ, असं वाटलं."

मंजू उठली, तिने चहा केला. तो चहा मनिरामने हुंगून पाहिला आणि निम्मा ठेवला. संध्याकाळच्या बसने तो परतला.

दामिनीला त्याने सगळं सांगितलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती. "तुझ्या भाजीत काही खोट नव्हती," एवढंच तो म्हणाला आणि डबी तिच्यापुढे ठेवली. "टाकत जाजो. मले सांगायची गरज नाही."

दामिनीने डबी घेतली नाही.

"चोरून नाही टाकणार, मामाजी. उद्या काही झालं, तर तुम्ही परत माझ्याकडेच बघाल. पाहिजे असेल तर तोंडाने सांगा, टाक म्हणून."

मनिरामला राग आला. एवढ्याशा चवीसाठी सुनेपुढे झिंगे मागायचे? तो हट्टाने पुष्कळ दिवस सपक अंबाडी खात राहिला. ती प्रत्येक वेळी विचारायची, टाकू का, आणि तो मान हलवून नको म्हणायचा. एका दुपारी तो बाजारातून भुकेला आला. फोडणीचा वास घरभर होता. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"टाक," तो म्हणाला.

तिने त्याच्यासमोर चिमूटभर भुकटी आधी तेलात परतली, मग भाजीत घातली. नंदाबाई बहुधा असं करत नसावी, कारण वास आणखी खुलला. मनिराम तीनदा वाढून घेऊन जेवला.

सव्वा महिना होऊन नंदाबाई घरी आली, तेव्हा दामिनीने तीच भाजी वाढली. नंदाबाईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि सुनेकडे पाहिलं.

"यात आणखी काय टाकलं तुनं?"

"काही नाही, आत्याबाई. डबीतलंच आहे."

नंदाबाईने भाजी बोटाने जराशी उलटवून पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. मनिराम ताटात मान घालून जेवत होता. भुकटी आधी तेलात परतल्याचं त्याला माहीत होतं, पण त्याने तोंड उघडलं नाही.