मधली चित्रं

माझी बायको हवामानाच्या आकड्यांपासून टीव्हीवरचे हलणारे नकाशे बनवते. आकडे दर तीन तासांनी येतात. मधल्या वेळेची चित्रं तिलाच भरावी लागतात, नाहीतर ढग बेडकासारखे उड्या मारतात.

सुरुवातीला तिने सोपी वाट धरली. आधीचं चित्र हळूहळू पुसट करायचं आणि पुढचं हळूहळू उमटवायचं. दिसायला एकदम झकास. त्या नकाशावर विसंबून मी गच्चीत चादरी वाळत घातल्या आणि दुपारी सगळ्या चिंब झाल्या.

मी तावातावाने तिला ऑफिसात फोन केला. "तुझ्या नकाशात आपल्या गल्लीवर ढगच नव्हता."

तिने तो नकाशा पुन्हा चालवून पाहिला. मग म्हणाली, "अरे, तो नदीवर विरला आणि टेकडीवर उगवला. मधून गेलाच नाही. त्याला चालवायचंच राहिलं माझ्याकडून."

बरीच डोकेफोड करून तिने वाऱ्याच्या हिशेबाने ढगाला सरकवायला शिकवलं. आता तिचे ढग प्रत्येक छपरावरून रीतसर जातात आणि माझ्या चादरी वेळेवर घरात येतात. ती खुशीत असते. मीही असतो, फक्त तोंडावर दाखवत नाही.

परवा आम्ही दोघं गच्चीत चहा पीत होतो. नदीकडून खराखुरा ढग येत होता. मध्येच थबकत, फाटत, पुन्हा जुळत. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "याची मधली चित्रं कुणीतरी घाईत उरकलीत."